नोकरी सांभाळून स्वतःचा छोटा प्रोजेक्ट : सुरू कसा करायचा आणि मधे खंड पडला तरी चालू कसा ठेवायचा

हे लिहितोय ते नुकतेच डेव्हलपर म्हणून कामाला लागलेल्यांसाठी, किंवा अजून शिकताय, स्वतःचं काहीतरी बनवावंसं फार वाटतंय पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये अशांसाठी. ऑफिसचं काम आणि छंदाचा प्रोजेक्ट यात सगळ्यात मोठा फरक वेळेचा असतो. ऑफिसात तुम्ही रोज त्याच कोडमधे बसता, कालचं डोक्यात ताजं असतं, घरी मात्र आज पाऊण तास मिळतो, मग आठ दिवस काहीच नाही, मग सुट्टीच्या दिवशी सकाळी दोन तास, आणि ऑफिसात मोठी रिलीज आली की महिनाभर लॅपटॉपकडे बघवत नाही. हे असंच चालणार, आणि सगळ्यांचं असंच चालतं. म्हणून मधे खंड पडणारच हे धरून पहिल्या दिवसापासून मांडणी करायची, म्हणजे महिन्याने परत आलात तरी पंधरा मिनिटांत हात चालायला लागतो. खालच्या सगळ्या पायऱ्या याच हिशोबाने सांगतोय.

बोलायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू : मित्रांना वाचायला दिलेल्या पुस्तकांची नोंद ठेवणारं एक छोटं टूल. कोणतं पुस्तक, कोणाला दिलं, कधी दिलं, परत आलं का.

पायरी १ : विषय असा घ्या की पहिला युजर तुम्हीच असाल

हे टूल पुढच्या आठवड्यात कोण वापरणार या प्रश्नाचं उत्तर "मी" असेल तर विषय बरोबर आहे. "लोक वापरतील" असं उत्तर आलं तर जरा थांबा, कारण ते लोक कोण, त्यांना काय हवंय, हे शोधण्यातच तुमचा सगळा मोकळा वेळ जाईल. स्वतःसाठी केलेल्या टूलमधे काय हवं काय नको हे कोणाला विचारावं लागत नाही, आणि खंड पडला तरी टूल वापरात असतं, वापरताना त्यातलं काहीतरी टोचत राहतं आणि तेच तुम्हाला परत कोडकडे घेऊन येतं. गुइडो व्हान रोसमने पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं काम १९८९ च्या ख्रिसमसच्या सुट्टीत, हाताला काहीतरी उद्योग हवा म्हणून सुरू केलं होतं, आणि लिनस टोरवाल्ड्सने ऑगस्ट १९९१ मधे आपल्या, पुढे लिनक्स म्हणून गाजलेल्या, ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल पहिल्यांदा लिहिलं तेव्हा हा फक्त छंद आहे, फार मोठं काही होणार नाही, असंच म्हटलं होतं. दोघांनीही आधी स्वतःला हवी असलेली गोष्ट केली.

नवीन माणसाने चॅट ॲप, सोशल नेटवर्क किंवा स्वतःचा फ्रेमवर्क यांच्या वाटेला पहिल्याच वेळी जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. चॅट ॲपला दोन माणसं लागतात, सोशल नेटवर्कला शेकडो, आणि फ्रेमवर्कला दुसरा एखादा प्रोजेक्ट लागतो जो अजून लिहिलेलाच नाही.

एक काम मात्र कोड लिहायच्या आधी करा. नोकरी करत असाल तर तुमचा करार काढून बौद्धिक संपदेचं कलम नीट वाचा. काही करारांत तुम्ही नोकरीच्या काळात केलेलं सगळंच कंपनीचं असं लिहिलेलं असतं, काहींत फक्त कंपनीच्या कामाशी संबंधित तेवढंच. विषय कंपनीच्या धंद्याच्या जवळचा असेल तर लेखी विचारून घ्या. आणि ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचं ईमेल, ऑफिसचं गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) अकाउंट यातलं काहीही छंदाच्या कामाला लावू नका, इथे सवलत नाही.

पायरी २ : छाटा, आणि परत छाटा

डोक्यात येतील ती सगळी फीचर्स एका कागदावर लिहून काढा. आपल्या पुस्तकांच्या टूलसाठी लॉगिन, पुस्तकाचं कव्हर, बारकोड स्कॅन, मित्राला आठवणीचा ईमेल, मोबाइल ॲप, वर्षभराचे ग्राफ, अशी यादी सहज होते. मग प्रत्येकापुढे विचारा की हे नसेल तर टूल आज वापरता येईल का? युजर एकच आहे, लॉगिन कशाला? ईमेल तर नंतर फोन करूनही होतो. असं करत गेलं की शेवटी चार गोष्टी उरतात : पुस्तकाचं नाव, माणसाचं नाव, दिल्याची तारीख, परत आल्याची तारीख. चार रकाने, एक टेबल. पहिलं व्हर्जन हेच. बाकीची यादी फेकू नका, "नंतर" अशा नावाच्या फाइलमधे टाकून ठेवा, मनाला बरं वाटतं आणि चांगली कल्पना हरवत नाही.

छाटण्याचा अजून एक फायदा असा की प्रत्येक साध्या दिसणाऱ्या फीचरच्या पोटात बरंच काही लपलेलं असतं. उदाहरणार्थ आयएसबीएन नंबर, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक. वाटतं की एक आकडा आहे, इंटीजर म्हणून ठेवू. पण जानेवारी २००७ पासून तो १३ अंकी आहे, त्याआधीच्या पुस्तकांवर १० अंकी असतो, त्या १० अंकीची सुरुवात शून्याने होऊ शकते म्हणजे इंटीजर केला की शून्य गायब, आणि शेवटचा तपासणीचा अंक कधीकधी चक्क एक्स असतो. म्हणजे तो टेक्स्ट म्हणूनच ठेवायला हवा. असं एकेका फीचरमधे एकेक संध्याकाळ जाते, म्हणून खरोखर हवं असेल तेव्हाच ते घ्या.

पायरी ३ : साधनं ओळखीची, नवीन गोष्ट फक्त एक

नवीन भाषा, नवीन डेटाबेस, नवीन फ्रंटएंड आणि नवीन होस्टिंग हे सगळं एकाच प्रोजेक्टमधे शिकायला घेतलं की काही बिघडलं तर नक्की कुठे बिघडलं तेच कळत नाही, आणि महिन्याने परत आल्यावर चारही गोष्टी अर्ध्याच आठवतात. एकच नवीन घ्या. बाकी सगळं जे हातात बसलंय ते.

डेटाबेससाठी नवख्या माणसाला मी डोळे झाकून एसक्यूलाइट सांगतो. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेला हा डेटाबेस, वेगळा सर्व्हर नाही, सगळा डेटा एका फाइलमधे, पब्लिक डोमेनमधे आहे त्यामुळे लायसन्सची भानगड नाही, आणि पायथनमधे तर त्याचं मॉड्यूल सोबतच येतं, काही इन्स्टॉल करायला नको. एका माणसाच्या टूलला तो पुरून उरतो. दोन गोष्टी तेवढ्या लक्षात ठेवा. एक म्हणजे फॉरिन कीची (एका टेबलातली ओळ दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी जोडणाऱ्या रकान्याची) तपासणी त्यात साधारणपणे बंद असते, प्रत्येक कनेक्शनला प्राग्मा या सेटिंगच्या कमांडने चालू करावी लागते. दुसरं, त्यात तारखेचा असा वेगळा प्रकार नाही, म्हणून तारीख टेक्स्टमधे वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने ठेवा, म्हणजे साध्या अक्षरक्रमाने लावली तरी तारखा बरोबर लागतात. वेळही साठवत असाल तर यूटीसीमधे (जागतिक प्रमाणवेळेत) साठवा आणि दाखवताना स्थानिक करा.

पायथन वापरत असाल तर व्हीएनव्ही (या प्रोजेक्टपुरत्या लायब्ररी वेगळ्या ठेवणारा फोल्डर) करूनच सुरुवात करा, आणि जी लायब्ररी घ्याल तिचं नेमकं व्हर्जन फाइलमधे लिहून ठेवा. तीन महिन्यांनी नवीन व्हर्जन आपोआप आलं आणि जुना कोड चालेना झाला, तर तुमचा मिळालेला एकुलता एक तास त्यातच संपतो.

पायरी ४ : पहिल्या बैठकीतच काहीतरी चाललं पाहिजे

पहिल्या दिवशी लोगो, नाव, फोल्डरची सुंदर रचना, यातलं काही नको. पहिल्या बैठकीच्या शेवटी एक पुस्तक नोंदवता आलं आणि यादीत दिसलं की जिंकलं. वेब पेज सुद्धा नको, टर्मिनलमधे तीन कमांड पुरेत : पुस्तक दिलं, परत आलं, यादी दाखव. वेबचा भाग नंतर वर चढवता येतो आणि तेव्हा आतलं काम आधीच तपासलेलं असतं.

क्वेरी लिहिताना युजरने दिलेला मजकूर स्ट्रिंग जोडून क्वेरीत घालू नका, प्रश्नचिन्ह ठेवा आणि व्हॅल्यू वेगळी पाठवा. एकटाच युजर आहे, कोण हल्ला करणार, असं वाटेल, पण पुस्तकाच्या नावात एक सिंगल कोट आला तरी जोडलेली क्वेरी मोडते, आणि हात चांगल्या सवयीला लागतात ते वेगळंच.

पहिल्या मिनिटाला गिट इनिट करा. कुठे अपलोड करायची गरज नाही, गिट तुमच्या मशीनवर एकटं सुद्धा पूर्ण काम करतं. कमिट (गिटमधली बदलांची एकेक नोंद) छोटे ठेवा आणि मेसेजमधे काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहा, काय बदललं ते डिफमधे, म्हणजे जुन्या-नव्या कोडच्या फरकात, दिसतंच. डॉट गिटइग्नोर फाइलमधे व्हीएनव्हीचा फोल्डर, डेटाबेसची फाइल आणि पासवर्ड किंवा एपीआय की (बाहेरची सेवा वापरायला मिळालेली गुप्त किल्ली) असलेली फाइल ही तीन नावं सुरुवातीलाच टाका. एखादी की चुकून सार्वजनिक रिपॉझिटरीत गेली तर पुढच्या कमिटमधे काढून टाकून काही उपयोग नाही, ती जुन्या इतिहासात तशीच राहते आणि अशा किया शोधत फिरणारे बॉट असतात. अशा वेळी आधी ती की रद्द करायची, नवीन घ्यायची, इतिहास साफ करणं नंतर.

पायरी ५ : उठताना स्वतःसाठी चिठ्ठी

सगळ्या लेखातली एकच पायरी पाळायची असेल तर ही पाळा.

लॅपटॉप बंद करायच्या आधीची पाच मिनिटं कोडला द्यायची नाहीत. प्रोजेक्टच्या फोल्डरमधे "पुढे" नावाची एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा आणि त्यात तीन ओळी लिहा : आत्ता काय करत होतो, कुठे अडलंय, पुढचं पाऊल कोणतं. पुढचं पाऊल इतकं बारीक लिहा की विचार न करता हात चालेल. "यादी सुधारणे" असं लिहिलं तर महिन्याने त्याचा अर्थ लागत नाही. "यादीच्या फंक्शनमधे परतीची तारीख नल आहे अशाच ओळी आणायच्या, नंतर दिल्याच्या तारखेने लावायच्या, सगळ्यात जुनी वर" असं लिहिलं की बसल्या बसल्या सुरू. संपूर्ण संपवून उठावं असं वाटतं खरं, पण मला उलटं जास्त चांगलं वाटतं, एक सोपं काम मुद्दाम शिल्लक ठेवून उठावं, म्हणजे परत येताना दार उघडं असतं.

टेस्ट लिहीत असाल तर अजून एक छान पद्धत आहे, पुढच्या कामाची टेस्ट लिहून ठेवायची, ती अर्थातच नापास होणार, आणि तशीच सोडून उठायचं. परत आलात की टेस्ट चालवा, लाल ओळ सांगते कुठून सुरू करायचं. फक्त हे मुख्य ब्रांचवर न करता वेगळ्या ब्रांचवर करा.

रीडमी फाइल सुद्धा इतरांसाठी नंतर, आधी स्वतःसाठी लिहायची. रिकाम्या मशीनवर हे चालू करायला कोणत्या कमांड द्यायच्या, टेस्ट कशा चालवायच्या, डेटा कुठे असतो, बस. ती बरोबर आहे का हे तपासायचा खरा मार्ग एकच, प्रोजेक्ट दुसऱ्या नव्या फोल्डरमधे क्लोन करा आणि रीडमीत लिहिलंय तेवढंच, डोक्यातलं काही न वापरता, करून बघा. पहिल्या वेळी एखादी पायरी राहिलेली हमखास सापडते.

त्यातच निर्णयांची कारणं एकेका ओळीत लिहा. "एसक्यूलाइट घेतला कारण युजर एक", "लॉगिन मुद्दाम ठेवलं नाही". कारण खंडानंतर परत आलं की स्वतःचाच कोड परक्याचा वाटतो आणि सगळं पुसून नव्याने लिहावंसं वाटतं, नवखे आणि जुने दोघांनाही वाटतं. त्या ओळी वाचल्या की कळतं की हे असं का होतं. परत आल्यावर पहिल्या बैठकीत काहीही नव्याने लिहायला घ्यायचं नाही, चिठ्ठीतलं छोटं काम करायचं, कमिट करायचं, मग बघू.

पायरी ६ : वेळ

इथे फार सांगण्यासारखं नाही. रोज कोड लिहिलाच पाहिजे, एकही दिवस चुकता कामा नये, असले नियम छंदाला लावू नका. आठवड्यातली एक ठराविक वेळ घरच्यांना सांगून मोकळी ठेवा, आणि ऑनकॉलचा (ऑफिसची सिस्टिम बिघडली तर केव्हाही धावायचा) आठवडा असेल तर ती पण सोडून द्या. रात्री उशिरा बग सापडत नसेल तर चिठ्ठीत लिहा आणि झोपा, सकाळी तो बऱ्याचदा दहा मिनिटांत दिसतो. दिवसभर स्क्रीनसमोर असलेल्या माणसाने डोळ्यांचा आणि मनगटांचा विचार केलाच पाहिजे, दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद बघायचं हा साधा नियम घरीही पाळा.

पायरी ७ : अडलं तर विचारायला शेजारी कोणी नसतं

ऑफिसात खुर्ची वळवून सीनियरला विचारता येतं, घरी नाही. पायथनची लांबलचक एरर आली की घाबरून वरून वाचायला लागतात, पण मुख्य गोष्ट शेवटच्या ओळीत असते, आधी ती वाचा, मग खालून वर जात तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव कुठे येतं ते शोधा. तरी कळलं नाही तर तो बग दाखवणारा सगळ्यात छोटा, दहा-पंधरा ओळींचा वेगळा प्रोग्रॅम करून बघा, तो करता करताच अर्ध्या वेळा कारण सापडतं. आणि आधी चालत होतं, आता चालत नाही, कधी मोडलं माहीत नाही, अशा वेळी गिट बायसेक्ट वापरा, ते दर वेळी कमिटची यादी अर्धी करत जातं त्यामुळे हजार कमिट असले तरी साधारण दहा पायऱ्यांत दोषी कमिट हातात येतो. छोटे कमिट करा म्हणालो त्याचा फायदा इथे दिसतो.

एआय असिस्टंटला विचारायला हरकत काहीच नाही, मीही विचारतो. पण त्याने दिलेला कोड ओळ न ओळ समजावून सांगता येत नसेल तर कमिट करू नका. ऑफिसात रोज बघता म्हणून तसा कोड कसाबसा सांभाळला जातो, इथे दीड महिन्याने तुम्ही परत याल तेव्हा तो कोड तुम्ही लिहिलेला नाही आणि का लिहिला ते आठवणारं कोणीच नाही, अशी अवस्था होते.

पायरी ८ : चालवायचं कुठे

आधी स्वतःच्याच मशीनवर, १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे बाहेरच्या कोणाला दिसत नाही. सर्व्हर ०.०.०.० वर चालू केला तर त्याच नेटवर्कमधल्या इतर मशीनना दिसू शकतो, हा फरक समजून घेतल्याशिवाय ते बदलू नका. फ्लास्क (पायथनचा वेब फ्रेमवर्क) वापरत असाल तर डीबग मोड चालू ठेवून ॲप कधीही इंटरनेटवर ठेवू नका, त्यातल्या डीबगरमधून ब्राउझरमधून थेट पायथन कोड चालवता येतो, म्हणजे तुमचं मशीन दुसऱ्याच्या हातात. प्रोजेक्ट नुसती पानं असलेला असेल, सर्व्हरचं काम नसेल, तर गिटहब पेजेससारखी सेवा पुरेशी आहे. बाहेरून वापरायचंच असेल तर एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) हवंच, त्याला लागणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट मोफत देतं, पण त्याची मुदत कमी असते म्हणून नूतनीकरण आपोआप होईल असं पहिल्याच दिवशी लावा, आठवणीवर सोडू नका.

घरी चोवीस तास चालणारं काहीतरी हवं असेल तर रास्पबेरी पाय, २०१२ साली आलेला तो छोटा बोर्ड, या कामाला फार आवडतो लोकांना, मलाही. त्यात एक लक्षात ठेवा की एसडी कार्डं सततच्या लिखाणाने खराब होतात, डेटाची दुसरी प्रत कुठेतरी असलीच पाहिजे.

रोज रात्री काही काम आपोआप करायचं तर क्रॉन. पाच रकाने असतात, मिनिट, तास, महिन्याची तारीख, महिना, वार, आणि पुढे कमांड. नवख्यांचा सगळ्यात नेहमीचा प्रश्न असतो की हाताने चालवलं तर चालतं, क्रॉनमधून चालत नाही. कारण बहुतेक वेळा हेच की क्रॉनला तुमच्या टर्मिनलमधला पाथ मिळत नाही, म्हणून पायथनचा आणि स्क्रिप्टचा दोन्हींचा पूर्ण पत्ता द्या, तोही व्हीएनव्हीच्या आतल्या पायथनचा, आणि आउटपुट एका लॉग फाइलमधे वळवा, नाहीतर काय बिघडलं ते कळणार कसं.

पहिलं क्रॉनचं काम बॅकअपचं असू दे. एसक्यूलाइटची फाइल चालू असताना नुसती कॉपी केली आणि नेमकं त्याच क्षणी काही लिहिलं जात असेल तर प्रत बिघडलेली निघू शकते, त्यापेक्षा त्याची स्वतःची बॅकअप कमांड वापरा. आणि एकदा तरी तो बॅकअप वेगळ्या फोल्डरमधे उघडून यादी दिसते का बघा, न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नये.

पायरी ९ : दुसऱ्याला दाखवणं

दोन-तीन आठवडे स्वतः वापरल्यावर एका मित्राला द्या आणि गप्प बसून बघा. कुठे थांबतो, कुठलं बटण चुकीचं दाबतो, ते लिहून घ्या, मधे बोलून मदत करू नका, कितीही जड गेलं तरी.

कोड सार्वजनिक करणार असाल तर लायसन्स फाइल टाका. लायसन्स नसलेला कोड लोकांना दिसतो पण तो वापरायचा किंवा बदलून वाटायचा हक्क त्यांना मिळत नाही. एमआयटी लायसन्स छोटं आणि सैल आहे, तुमचं नाव आणि लायसन्सचा मजकूर ठेवला की कोणीही काहीही करू शकतो. जीपीएलमधे कोड बदलून पुढे वाटला तर तोही जीपीएलखालीच द्यावा लागतो. दोन्ही चांगले आहेत, तुम्हाला काय हवंय त्यावर ठरवा. आणि सार्वजनिक करण्याआधी नमुन्याच्या डेटात मित्रांची खरी नावं राहिलीत का ते बघा, जुन्या कमिटमधे सुद्धा.

पायरी १० : थांबवायचं असेल तेव्हा

काही प्रोजेक्ट पूर्ण होतात, पुस्तकांचं टूल एका टप्प्यानंतर आहे तसंच वर्षानुवर्षं वापरता येतं, त्यात रोज काही घालायची गरज नसते. काहींमधला रस संपतो. दोन्हीत काही वाईट नाही, फक्त अर्धवट लटकत ठेवू नका, कारण ते मनात एक कोपरा अडवून बसतं आणि पुढचं सुरू करू देत नाही. त्यासाठी एक शेवटची बैठक ठेवा. डेटा सीएसव्हीमधे काढून घ्या, म्हणजे टूल नसलं तरी कुठल्याही स्प्रेडशीटमधे उघडेल. रीडमीच्या पहिल्याच ओळीत प्रोजेक्ट आता थांबवलाय आणि शेवटचं काय चालत होतं ते लिहा, रिपॉझिटरी आर्काइव्ह करा. क्रॉनची ओळ काढा, एपीआय किया रद्द करा, भाड्याचा सर्व्हर असेल तर शेवटचा बॅकअप उतरवून तो बंद करा, आणि डोमेन घेतलं असेल तर त्याचं ऑटो रिन्यू बंद करायला विसरू नका.